तीनबोट्याचा स्वार

"पावलाला सांगितलेलं पोचतं का गं, वहिनी?"

विजेच्या पोलवर बारा हात उंच, कमरेच्या पट्ट्यावर मागे रेलून लाइनमन तिहारू मरकाम खाली ओरडला. खाली नाल्याच्या वाटेवर त्याच्या थोरल्या भावाची विधवा, सुकवारो, धुळीत उकिडवी बसली होती. डोक्यावरचा सरपणाचा भारा तिने बाजूला टेकवला होता. समोर वाघाचं ताजं पाऊल होतं आणि ती त्या पावलाशी बोलत होती.

"पोचतं," ती वर न बघता म्हणाली. "तुमची वीज तारेतून जाते, ती दिसते का कुणाला जाताना?"

"अगं, तारेला दुसरं टोक असतं. तिथं दिवा लागतो."

"इथंही टोक आहे, भावजी. दात आहेत त्याला. बघायला जाऊ नका म्हणजे झालं."

पोलच्या बुडाशी दोर धरून मी उभा होतो. तिहारूला हेल्पर मंजूर होता, पण नेमला कधीच गेला नाही. माझी ड्यूटी संपली की मीच त्याच्याबरोबर जात असे.

"लाल गाय व्याली," सुकवारोने पावलाला सांगितलं. "कालवड झाली. कपाळावर चांदणी आहे. घराची पूर्वेची बाजू शाकारली, पश्चिमेची राहिली. तुझा भाऊ येतो म्हणाला होता. त्याला पोलवर चढायला वेळ मिळतो, घरावर चढायला मिळत नाही."

"हे कशाला सांगतेस त्याला?"

"विचारतो तो."

भारा उचलून ती निघाली. पावलावर पाय पडू नये म्हणून वाट सोडून गवतातून गेली.

सरईटोल्याला येऊन मला एकोणीस वर्षं झाली. मी मूळचा लांजीकडचा. इथल्या सबस्टेशनात ऑपरेटर. खुर्चीत बसल्या बसल्या गाव ओळखायचं असेल तर याच्यासारखी नोकरी नाही. गावात मीटर बेचाळीस आणि घरं अठ्ठावन्न. उरलेल्या सोळा घरांत दिवे कसे लागतात हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून मध, अळंबी, एखादा कोंबडा आपल्या पायाने माझ्या दारी येतो. लाच कुणी म्हणत नाही, हंगाम म्हणतात.

त्या वाघाला सगळे तीनबोट्या म्हणत. तरुणपणी कुठल्याशा लोखंडी सापळ्यात तो पुढच्या डाव्या पंजाचं एक बोट तोडून ठेवून आला होता. बाकी अंगात काही कमी नव्हतं. त्याच्या पावलावर मी माझा पंजा पसरून ठेवला तरी कडेने माती उरायची. वाघिणीला दोन नाले आणि एक टेकडी पुरते, नराचं तसं नसतं. चार-पाच वाघिणींच्या हद्दी मिळून त्याची एक हद्द, आणि ती राखायची तर रोज चालावं लागतं. आठ दिवस फिरकला नाही की दुसरा कुणी येऊन झाडावर ओरखडे काढून जातो. आतल्या राखीव जंगलात दोन तरुण नर माजले होते, म्हणून हा बाहेरच्या अंगाने फिरे. आमच्या नाल्यातून, धानाच्या बांधावरून, डांबरी सडक ओलांडून पलीकडच्या डोंगराला आणि परत. जेवढा मोठा नर तेवढी लांब चाल, आणि चाल लांब म्हणजे वाटेत माणसं आली, कठडे नसलेल्या विहिरी आल्या, ट्रक आले.

तिहारूची लाइन एकतीस किलोमीटर होती. दोघांची वाट बरीचशी एकच.

"आम्ही दोघं पेट्रोलिंगला," तिहारू म्हणायचा. "त्याला भत्ता मिळत नाही एवढंच."

"तुला मिळतो?"

"मलाही नाही."

तीन वर्षांपूर्वी, चैत्राच्या तोंडावर, मोहफुलं वेचायला वाकलेल्या बिसाहूला, म्हणजे तिहारूच्या थोरल्या भावाला, तीनबोट्याने धरलं. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं वनखात्याचे लोक म्हणाले. ओरड झाली तसा टाकून गेला, खाल्लं नाही. अशा मरणाची आमच्याकडे रीत ठरलेली आहे. वाघाने मारलेला माणूस वर जात नाही. वाघाच्या मानेवर बसतो, दोन्ही कान धरून, आणि त्याच्याबरोबर रान फिरतो. त्याला उतरवावं लागतं. मेल्या जागी गुनिया, म्हणजे गावचा मांत्रिक, येतो, साल वृक्षाच्या बुंध्यात चार खिळे ठोकतो, कोंबडी आणि मोहाची दारू देतो, आणि नाव घेऊन बोलावून मेलेल्याला दगडात बसवतो. मग वाघ सुटला, मेलेला सुटला, मागे राहिलेलेही सुटले.

अघनू बाबा, आमचा बैगा जमातीचा गुनिया, खिळे घेऊन आला. गाव जमलं. कोंबडी तिहारूच्या काखेत होती. तेवढ्यात सुकवारो पुढे झाली.

"दगडात बसवून काय करणार त्याचं?"

"बसेल. शांत होईल, पोरी."

"बाबा, जिवंतपणी कधी एका जागी बसला का तो? मांडवातून उठून मासे धरायला गेला होता. हळद भिजली होती त्याची."

मेल्या जागी हसू नये. पण चार-दोन जण हसलेच. अघनू बाबाच्याही मिशा हलल्या.

"फिरू दे त्याला," ती म्हणाली. "एवढा मोठा नर मिळालाय बसायला. जन्मभर बैल घ्यायची ऐपत झाली नाही त्याची."

स्वार ज्याच्या घरचा, त्याच्या होकाराशिवाय खिळा ठोकायचा नसतो. नवरा तिचा, होकार तिचा. अघनू बाबा खिळे फडक्यात बांधून परत गेला. कोंबडी वाचली.

तिहारू मात्र अडकला. धाकट्या दिराने थोरल्या भावाच्या बायकोला चुड्या भरायच्या आणि तिने त्याचं घर करायचं, ही इथली जुनी चाल. केलं तर कुणी नावं ठेवत नाही. न केलं तर ठेवतात. तिहारूने बैहरच्या बाजारातून हिरव्या चुड्या आणूनही ठेवल्या होत्या. मनगटाचं माप विचारायला गेला नव्हता. तेरा वर्षांपूर्वी बिसाहूचं लग्न ठरलं तेव्हा निरोप घेऊन पहिल्यांदा तिच्या गावी गेला होता तो तिहारू, चोवीस वर्षांचा. त्यानंतर त्याला आलेली तीन स्थळं त्याने परत लावली. एकीचं गाव लांब, एकीचा आवाज मोठा, तिसरीचं कारण मला आठवत नाही. त्यालाही आठवत नव्हतं.

पण स्वार उतरलेला नसताना चुड्या भरता येत नाहीत. तिचा नवरा गेलेला नाही, फिरतीवर आहे, असाच त्याचा अर्थ. पंच बसले तेव्हा गावचा मुकद्दम केहरसिंग उइके सगळ्यांदेखत म्हणाला, "आधी थोरल्याला उतरव, तिहारू. मग धाकट्यानं बसावं." गाव आठवडाभर त्यावर हसत होतं. तिहारू दर दोन महिन्यांनी तिला विचारायचा, जसा पावसाळ्याआधी पोलच्या ताणतारा तपासतो तसा. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासमोर विचारलं. ती सबस्टेशनाच्या विहिरीवर पाणी भरायला आली होती.

"वहिनी, अघनू बाबाला बोलावू का?"

"बोलवा. कोदोची पेज पाजू त्याला."

"मी थट्टा करत नाही."

"मी तरी कुठं करतेय?" तिने दोर हाताला गुंडाळला आणि थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. वाईट नजरेने नव्हे. "भावजी, तुम्ही चांगले आहात. पण मी त्याला ढकलणार नाही. तो आपला उतरला की बघू."

ती गेल्यावर तिहारू म्हणाला, "तो उतरला की बघू." मग चहा अर्धा टाकून उठला. एकोणीस वर्षांत माझ्याकडचा चहा त्याने अर्धा टाकला तो त्या एकाच दिवशी.

मुकद्दमाचं धान नाल्याला लागून आहे आणि डुकरं त्याच नाल्यात राहतात. त्यावर त्याचा इलाज होता. हातभर उंचीच्या खुंट्या रोवायच्या, टोकाला काचेच्या बाटल्यांचे गळे बसवायचे, त्यावरून उघडी तार ओढायची आणि तारेचं टोक लांब बांबूने आमच्या अकरा केव्हीच्या लाइनवर आकडा करून टाकायचं. दिवस मावळला की टाकायचं, उजाडायच्या आत काढायचं. दिवसा दिसतात त्या फक्त खुंट्या. तिहारूला दिसल्या की तो मोडायचा. मागच्या साली त्याने दोनदा उपटून आपल्या चुलीत घातल्या होत्या आणि भर बाजारात ऐकवलं होतं, "मुकद्दम, तुमचं डुक्कर मरेल तेव्हा मरेल, माझी नोकरी आधी मरेल." मुकद्दमाने त्याला हसत पान दिलं होतं. त्याने ते हसत खाल्लं होतं.

कार्तिक संपता संपता, एका संध्याकाळी, त्याचा फोन आला. पेट्रोलिंग झालं की तो फोन करायचा आणि मी रजिस्टरात लिहायचो.

"लिही, बाबू. लाइन ठीक."

"नाल्यापर्यंत गेलास?"

"गेलो."

"मुकद्दमाच्या शेताकडं?"

"ठीक म्हटलं ना."

एरवी फोनवर तो मला दोन शिव्या आणि एक बातमी द्यायचा. त्या दिवशी दोन्हींतलं काही आलं नाही. मी लिहिलं, लाइन ठीक.

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी फीडर ट्रिप झाला, लाइन आपोआप बंद पडली. आमचा शिरस्ता असा की दोन मिनिटं थांबायचं आणि बटण दाबून लाइन पुन्हा चार्ज करायची. कुठे फांदी टेकलेली असते, कुठे वटवाघूळ चिकटलेलं असतं, जळून पडतं. मी चार्ज केलं. पुन्हा ट्रिप. परत केलं. आता लाइन टिकली. मी घोंगडी ओढून घेतली. त्या नोंदी रजिस्टरात माझ्या अक्षरात आहेत, आजही.

उजाडल्यावर तीनबोट्या मुकद्दमाच्या बांधावर आडवा पडलेला सापडला. अंगावर दव होतं. पुढचे दोन्ही पाय पुढे लांबवलेले, मागचे बांधाच्या अलीकडेच राहिलेले. ओलांडणं अर्धं झालं होतं. डुकराला खुंटी कळत नाही, वाघाला कुठून कळणार? दहापर्यंत वनखात्याच्या गाड्या आल्या, दोन डॉक्टर आले, फीत घेऊन मोजणारे आले. उचलायला आठ माणसं लावली, मग दहा, मग बारा. शेजारच्या मयताला कधी गेले नाहीत असले लोकही झाडून आले होते, अंघोळ करून.

जाळण्याआधी सगळ्यांदेखत अवयव मोजायचे असतात. दात, मिशा, नखं. वाघाची नखं अठरा. रेंजर साहेब नवीन होते, हातात छापील कागद होता आणि त्यावर अठरा लिहिलेलं होतं. मोजली तर सतरा भरली. पुन्हा मोजली. सतराच.

"कुणी घेतलं?" साहेब ओरडले. "नख मिळाल्याशिवाय एक माणूस इथनं हलणार नाही!"

लोक एकमेकांच्या कमरेकडे बघायला लागले. वनरक्षकाने दोघांच्या बंड्या झाडून पाहिल्या. एकाच्या बंडीतून बिड्या पडल्या, दुसऱ्याच्या बंडीतून पहिल्याचा चुना.

"सतराच होती त्याला," गर्दीतून सुकवारो म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"तीन वर्षं बघतेय. पुढचा डावा पाय बघा. बोटच नाही तर नख कुठनं येईल?"

डॉक्टरांनी पंजा उचलला, जुन्या जखमेवर बोट फिरवलं आणि मान डोलावली. साहेबांनी तिला नखशिखांत पाहिलं.

"ही कोण?"

"साहेब," वनरक्षक खालच्या आवाजात म्हणाला, "हिच्या नवऱ्याला यानंच मारला."

साहेबांनी अठरा खोडून सतरा केले आणि खाली सही केली.

तार मुकद्दमाच्या गोठ्यात, कडब्याखाली सापडली. "डुकरासाठी होती हो, साहेब, डुकरासाठी," असं तो प्रत्येकाला वेगवेगळं सांगत होता. दुपारी त्याला जीपमध्ये बसवलं.

चिता तिथेच, बांधाखाली रचली. लाकडं वाहायला माणसं लागत होती. कुणी न सांगता तिहारू सगळ्यांत मोठे ओंडके आणत होता, एकट्याने. सुकवारो पलीकडे उभी होती, पदर तोंडाशी धरून. रडत नव्हती. निरोप द्यायला स्टँडवर आलेलं माणूस गाडी सुटेपर्यंत खिडक्या शोधतं, तसं तिचं चाललं होतं.

अघनू बाबा माझ्या शेजारी येऊन बसला.

"आता बिसाहू कुठं जाणार, बाबा?" मी विचारलं.

"वाघ आपल्या मरणानं मेला असता तर तोही सुटला असता." बाबाने तंबाखू मळली. "पाडलेल्या वाघाचा स्वार तसा सुटत नाही. ज्याच्यामुळं वाघ पडला त्याच्या मानेवर बसतो."

"म्हणजे मुकद्दमाचं काही खरं नाही."

बाबाने जीपकडे पाहिलं. मुकद्दम ताठ बसून ड्रायव्हरशी बोलत होता. हातवारे करत होता.

"मान बघ त्याची," बाबा म्हणाला. "त्याच्यावर काहीच नाही."

मी बघितली. मग माझ्या लक्षात आलं की बाबाचं बोलणं आसपासच्या पाचपंचवीस जणांनी ऐकलं होतं आणि सगळे एकमेकांच्या माना बघत होते. तेवढ्यात तिहारूने आणलेला ओंडका चितेशी टाकला. हात मोकळे झाले, पण पाठ सरळ झाली नाही. तसाच वाकून तो पुढच्या ओंडक्यासाठी वळला. आगीच्या पलीकडून सुकवारो त्याच्याकडे बघत होती.

पंधरा दिवसांनी शाळेजवळच्या पोलवर जम्पर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, तुटला. मी दोर धरला, तिहारूने पट्टा बांधला, चार हात चढला आणि थांबला. मग उतरला.

"काय झालं?"

"जड होतंय, बाबू."

"काय जड होतंय?"

त्याने हात मानेमागे नेला, पण मान नाही, मानेपासून वीतभर मागे हवेतच तो थांबवला. मी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो पोलला पाठ लावून खाली बसला.

"मी पाहिल्या होत्या खुंट्या."

"कधी?"

"त्याच दिवशी. उन्हं उतरताना. बावीस होत्या. गळे नवे, घासून पुसून लावलेले. वाटेत त्याचं पाऊल होतं, ताजं. नाल्याकडं गेलेलं, म्हणजे परत तिथनंच येणार. मोडायला पाय उचलला मी."

"मग?"

"मग काही नाही. बिडी पेटवली. पुढं गेलो."

"वाघ मरावा म्हणून?"

"तेवढं मनात आणलं नाही रे." तो जमिनीवर काडीने रेघा ओढत होता. "मनात आणलं असतं तर मोडल्या असत्या."

मी त्याला माझ्या पहाटेच्या बटणाचं काही सांगितलं नाही. घरी जाऊन आरशात मान पाहिली. ठीक होती. बिसाहूची आणि माझी तशी फार ओळख नव्हती.

चौकशीला आलेल्यांनी रजिस्टराची नक्कल नेली. त्यात 'लाइन ठीक' असं स्वच्छ लिहिलेलं होतं, त्यामुळे तिहारूवर काहीच आलं नाही. मुकद्दम तुरुंगात होता. वाघ राख झाला होता. गावातल्या बायका सुकवारोला म्हणायला लागल्या, बाई, आता वाट मोकळी झाली, वाघच नाही तर स्वार कसला. ती नुसतं हं म्हणायची. नाल्यात महिन्याभरातच नवं पाऊल उमटायला लागलं, चार बोटांचं, कुठल्या तरी तरुण नराचं. ती भारा घेऊन त्याच्यावरून सरळ चालत जायची.

पौषात एका सकाळी मी तिहारूच्या अंगणात होतो, मानेला लावायचं मलम घेऊन. सुकवारो कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"भावजी, तुम्ही पाहिल्या होत्या ना खुंट्या?"

मी मलमाच्या डबीचं झाकण लावलं. मी असताना तो खोटं बोलू शकला असता. मी काही बोललो नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"पाहिल्या होत्या," तो म्हणाला.

मला वाटलं ही आता विळा उचलेल, निदान थुंकेल. ती फाटक उघडून आत आली. त्याच्यासमोर उभी राहिली, पण नजर त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. डोक्याच्या हातभर वर होती.

"कालवड आता पळते," तिने सांगितलं. "धरून बांधावी लागते. पश्चिमेची बाजू तशीच आहे, रात्रभर दव गळतं. मी इथंच येते राहायला." मग नजर खाली आणून ती तिहारूला म्हणाली, "चालेल ना, भावजी?"

तिहारूने मान हलवली नाही. तोंडाने हो म्हणाला.

दोन हंडे, एक कांबळं, गाय आणि कालवड घेऊन ती त्याच संध्याकाळी आली. गावाला आनंद झाला. काहींनी तर उशीर केल्याबद्दल तिहारूला टोमणेही मारले. हापशीवर कुणीतरी तिच्या मनगटांकडे बघून विचारलं, "चुड्या कुठं आहेत गं?"

"चुड्या कशाला? नवरा आहे ना माझा."

बायका हसल्या. मग एक एक करून हसायच्या थांबल्या.

ती आत चुलीपाशी झोपते, तो ओसरीवर. ती बांबूच्या कोंबांची भाजी करते, आंबवून, जशी बिसाहूला लागायची. तिहारूला त्या वासानेच मळमळायचं, लहानपणापासून. आता तो खातो. जेवताना ती दिवसभराचं सगळं सांगते; कुणाकडे पाहुणे आले, कुणाची शेळी हरवली, कुठे मोह लवकर फुलला. बोलताना तिचा चेहरा उजळलेला असतो. एवढी समोर बसून, एवढं तोंड भरून, ती या माणसाशी कधी बोलेल यासाठी तिहारू तेरा वर्षं थांबला होता. त्याच्या ताटावर हातभर उंचीवरून ते सगळं जातं.

तिहारू आता पोलवर चढत नाही. आमच्या वीज खात्यातल्या साहेबांच्या हातापाया पडून मी त्याला मीटर रीडिंगवर घेतलं. लाइन बघायला बैहरहून दुसरा माणूस येतो, मोटारसायकलवर, आणि सडकेवरूनच बघून जातो. मुकद्दम जामिनावर सुटून आलाय. फाल्गुनात अघनू बाबा स्वतःहून तिहारूकडे गेला. मी होतो.

"अर्ध्या दिवसाचं काम आहे," बाबा म्हणाला. "एक कोंबडी आणि चार खिळे. आता स्वार तुझ्यावर आहे, तेव्हा होकार तुझा. तिला विचारायचं कारण नाही."

"उतरवला की दगडात बसेल?"

"बसेल."

"मग ती दगडापाशी जाऊन राहील."

आत भांड्यांचा आवाज होत होता. सुकवारो गुणगुणत होती. गाणं नव्हे, नुसताच सूर.

"मान मोडेल तुझी एक दिवस," बाबा म्हणाला.

"फार जड नाही, बाबा," तिहारू म्हणाला. "थोरला तसा किडकिडीतच होता."

परवा रीडिंगचे कागद घ्यायला गेलो, तर मला पेज प्यायला थांब म्हणाला. घर जुनं आहे, दार बुटकं. पण तिहारूही काही उंच नाही. मान थोडी झुकवली की आत जाता येतं. तो उंबऱ्याशी थांबला. एक हात चौकटीला लावून गुडघ्यांत बसला, आणि वर हातभर जागा मोकळी सोडून, जवळजवळ रांगतच आत सरकला.

"सांभाळून," आतून सुकवारोचा आवाज आला.

कुणाला म्हणाली, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही. मी चपला काढल्या आणि त्याच्यामागून वाकलो.